कॉर्सिकाचा मध

कॉर्सिकाचा मध (मेले दि कोर्सिका) : भूमध्य समुद्रातील कॉर्सिका या फ्रेंच बेटावरचा मध. ‘मेले’ हा मधाला कॉर्सिकन भाषेतला शब्द. फ्रान्सने या मधाला १९९८ साली उगमदर्शक नामाचा दर्जा (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरण्याचा हक्क) दिला, आणि २००० साली त्याला युरोपीय संघाचेही संरक्षण मिळाले. या एका नावाखाली सहा वेगवेगळे मध विकले जातात. त्यांतला सर्वांत नावाजलेला चक्क कडू आहे.

या कडूपणाची ख्याती जुनी आहे, आणि पूर्वी ती बदनामीच होती. रोमन कवी ओविडच्या प्रेयसीने मेणाच्या लेखनपाटीवरून नकार कळवला, तेव्हा त्याने राग पाटीवरच काढला : हे मेण कॉर्सिकाच्या माशीने विषारी हेमलॉकच्या फुलांवरून गोळा करून आपल्या बदनाम मधाखालून पाठवले असावे! दुसरा रोमन कवी व्हर्जिल याने बेटावरच्या ‘यू’ वृक्षांना दोष दिला, तर रोमन लेखक प्लिनीने ‘बॉक्स’ झुडपाला. कवींना मध नकोसा असला तरी सत्तेला मेण हवेच होते. रोमन इतिहासकार लिव्हीनुसार इ. स. पू. १८१ मध्ये रोमने कॉर्सिकनांवर एक लाख रोमन पौंड मेणाची खंडणी बसवली. आठ वर्षांनी लढाई हरल्यावर त्यांच्याकडून दोन लाख पौंड, म्हणजे सुमारे ६५ टन, वसूल झाले. पोळ्यात मधाच्या मानाने मेण फारच थोडे असते, हे ध्यानात घेतले की त्या काळी बेटावर माश्या किती असतील याची कल्पना येते. ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो, की झाडाच्या ढोलीत सापडलेले पोळे ज्याला आधी दिसेल त्याचे. त्यावरून तंटा होत नसे.

बेट सुमारे ८,७०० चौ. किमी.चे असले, तरी किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर डोंगर चढत जातात. सर्वोच्च शिखर मोंते चिंतो २,७०६ मी. उंच आहे. उतारांवर सदाहरित, सुगंधी झुडपांचे दाट रान माजलेले असते. त्याला फ्रेंचमध्ये ‘माकी’ म्हणतात. उंचीप्रमाणे फुलोरा मागेपुढे होतो, आणि मधपेट्या त्याच्या मागोमाग वर-खाली हलवल्या जातात. पूर्व किनाऱ्याच्या सपाटीवर क्लेमेंटाइन संत्री आणि अॅस्फोडेल ही रानफुले यांचा फिका, नाजूक ‘वासंतिक’ मध मिळतो. ‘वासंतिक माकी’त वृक्षवत् वाढणाऱ्या पांढऱ्या हीथर या झुडपामुळे कॅरॅमेलसारखी चव येते. ‘उन्हाळी माकी’चा मध उंच डोंगरांवरचा. तिथे हेर्बा-बारोना ही थाइमची (एक सुगंधी वनस्पती) रानटी जात फुलते. ‘माकीचा चिकटा’ मात्र मकरंदापासून होतच नाही. रस शोषणारे कीटक झाडावर जो गोड चिकटा टाकतात, तो माश्या उचलतात. हा मध काळसर असतो आणि सहसा पातळच राहतो.

पाचवा प्रकार चेस्टनटचा : गडद, उग्र वासाचा, जिभेला किंचित तुरट. बेटावरची चेस्टनटची राने बव्हंशी लावलेली आहेत. सोळाव्या शतकात बेटावर राज्य करणाऱ्या जिनोवा या इटालियन नगरराज्याने ती लावण्याची सक्ती केली होती. चेस्टनटच्या कळ्यांत गाठी करणारी, मूळची चीनमधली एक गांधीलमाशी २०१० साली बेटावर पोहोचली. तिने फुलोरा घटवला आणि या मधाचे उत्पादन घसरले. उपाय म्हणून तिच्यावर जगणारी दुसरी एक परजीवी गांधीलमाशी सोडण्यात आली.

पेट्यांतल्या माश्या पश्चिम युरोपातील काळ्या मधमाशीच्या स्थानिक वाणाच्या आहेत, आणि नामदर्जासाठी हाच वाण लागतो. कडक उन्हाळ्यात त्या अंडी-अळ्यांची वाढ आवरती घेतात आणि शरदात पुन्हा वाढवतात. बेटाबाहेरून मधमाश्या आणण्यास बंदी आहे. मध कोणत्या प्रकारचा हे उत्पादकाच्या शब्दावर ठरत नाही. त्यातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, रासायनिक चाचण्या होतात आणि शेवटी चवही पाहिली जाते.

सहावा मध ‘शरद माकी’चा. तो येतो स्ट्रॉबेरी-वृक्षापासून. नाव स्ट्रॉबेरीचे असले तरी त्या फळाशी त्याचा संबंध फक्त दिसण्यापुरता. गेल्या वर्षीच्या फुलांची फळे लाल होत असतानाच याला नवी, घंटेच्या आकाराची पांढरी फुले येतात, त्यामुळे फळे आणि फुले एकाच फांदीवर दिसतात. फुलोऱ्याचा काळ ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे नेमका पावसाचा आणि गारठ्याचा. हवा उघडली तरच माश्या बाहेर पडतात, म्हणून या मधाचा भरवसा कमी आणि भाव जास्त. पहिल्या चमच्याला तो मध वाटतच नाही : गोडी क्षणभरच, मग कॉफीच्या जवळ जाणारा कडूपणा बराच वेळ रेंगाळतो. पावाला लावून खाण्यापेक्षा ब्रोच्च्यू या मेंढी-बकरीच्या दुधापासूनच्या ताज्या, मऊ चीझवर तो घातला, तर त्याची खरी चव कळते.