ट्यूबलाइटचं डिमेबल बॅलास्ट

ट्यूबलाइटचा प्रकाश हवा तसा कमी-जास्त करता येईल असा इलेक्ट्रॉनिक चोक, त्याला डिमेबल बॅलास्ट म्हणतात. साधा चोक-स्टार्टर सगळ्यांच्या माहितीतला आहे, त्यात इथे शिरत नाही.

उगमाबद्दल एकमत नाही. ट्यूब १९३८ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने बाजारात आणली आणि पुढे कधीतरी थायरट्रॉन (वायू भरलेली, स्विचसारखी चालणारी नळी) लावून ती मंद करायचे प्रयोग झाले, पण सेमीकंडक्टरवर चालणारं हाय-फ्रिक्वेन्सी बॅलास्ट साधारण १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं धरतात, तेलटंचाईनंतर अमेरिकी ऊर्जा खात्याच्या पैशावर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने जे काम चालवलं त्यातलं. ओले निल्सेन या संशोधकाच्या नावावरही या क्षेत्रातली भरपूर पेटंटं आहेत, पण ऑसरॅम सिल्व्हेनियाविरुद्धच्या खटल्यात त्यातली बरीच २००७ मध्ये अपील कोर्टाने अंमलबजावणीस अपात्र ठरवली. तेव्हा एकाच माणसाला श्रेय देण्यापेक्षा बर्कलीचा धागा धरणं जास्त बरं.

आतली रचना अशी, की मेन्सचं डीसी करून बूस्ट (व्होल्टेज चढवणारं) सर्किट ते ४०० व्होल्टच्या आसपास नेतं, मग दोन मॉसफेटचा (आळीपाळीने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) हाफ-ब्रिज त्याची काही दहा किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह बनवतो आणि ती कॉइल-कपॅसिटरच्या रेझोनंट (एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला सर्वात जास्त प्रतिसाद देणाऱ्या) जोडीतून ट्यूबला मिळते. फ्रिक्वेन्सी वाढवली की कॉइलचा अडथळा वाढतो, करंट उतरतो, उजेड कमी. इथवर सोपं आहे, खरी डोकेदुखी फिलामेंटची.

टंगस्टनच्या फिलामेंटवर बेरियम, स्ट्रॉन्शियम वगैरेंच्या ऑक्साइडचा लेप असतो आणि पूर्ण उजेडात ट्यूबचा करंटच तिला तापती ठेवतो. करंट उतरवला की ती गार पडते, लेप उडायला लागतो आणि ट्यूबची टोकं काळी पडतात, म्हणजे मंद चालवून ट्यूब उलट लवकर मरते. म्हणून फिलामेंटला वेगळी उष्णता द्यावी लागते. स्वस्तातला उपाय म्हणजे रेझोनंट कपॅसिटर दोन्ही फिलामेंटच्या पलीकडे जोडायचा, त्याचा करंट मग फिलामेंटमधूनच जातो आणि फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतो, पण फार खोल डिमिंगला यावर ताबा राहत नाही म्हणून कॉइलवर प्रत्येक फिलामेंटसाठी वेगळी वाइंडिंग घेतात. हिशेब सोपा, गार फिलामेंटचा रोध मीटरने मोजायचा आणि तापल्यावर तो सुमारे साडेचार पट होईल असं बघायचं. अर्थात ही उष्णता फुकट येत नाही, उजेड दहा टक्क्यांवर आणला तरी वॅट काही दहा टक्क्यांवर येत नाहीत.

दुसरी अडचण म्हणजे ३६ वॅटच्या ट्यूबचा रोध पूर्ण उजेडात काही शे ओहम असतो, तो मंद केल्यावर हजारोंच्या घरात जातो. रेझोनन्स एवढा टोकदार होतो की फ्रिक्वेन्सी जराशी हलली तरी ट्यूब विझते किंवा एकदम उजळते, त्यामुळे फीडबॅक लूपशिवाय, म्हणजे परिणाम मोजून फ्रिक्वेन्सी सतत सावरणाऱ्या सर्किटशिवाय, भागत नाही. फिलिप्सच्या यूबीए२०१४ सारख्या चिप लॅम्पचा करंट बघतात, इंटरनॅशनल रेक्टिफायरच्या आयआर२१५९२ मध्ये करंटचा फेज (व्होल्टेजच्या मानाने तो किती मागे-पुढे आहे ते) धरून पॉवर ठरवलेली आहे. फेज आणि पॉवरचं नातं बऱ्यापैकी सरळ रेषेत जातं, त्यामुळे ही दुसरी पद्धत लूपला सोयीची वाटते. अगदी मंद उजेडात, विशेषतः थंडीत, ट्यूबमध्ये सरकणारे पट्टे दिसतात, त्यावर उपाय म्हणून करंटमध्ये किंचित डीसी मिसळतात.

हुकूम द्यायला १-१० व्होल्टची जोडतार किंवा डाली (दिव्यांना डिजिटल हुकूम देण्याची प्रमाणित पद्धत) वापरतात. डालीत एका लाइनवर ६४ पत्ते, वेग १२०० बिट प्रति सेकंद, आणि उजेडाच्या २५४ पायऱ्या डोळ्याला सारख्या वाटाव्यात म्हणून लॉगरिदमिक असतात. पंख्याचा रेग्युलेटर साध्या इलेक्ट्रॉनिक चोकला लावू नये, नुसतं लुकलुकतं आणि चोक जातो.

भारतात इलेक्ट्रॉनिक बॅलास्टसाठी आयएस १३०२१ हे मानक आहे. युरोपात टी५ आणि टी८ या जाडीच्या फ्लुरोसेंट ट्यूब ऑगस्ट २०२३ पासून नव्याने बाजारात आणता येत नाहीत, डाली मात्र चालूच आहे, तिच्या मानकात फ्लुरोसेंट बॅलास्टचा प्रकार ० आणि एलईडी ड्रायव्हरचा ६.