कापडी टपाची निगा, मिटलेल्या स्थितीतील

उघड्या मोटारगाडीचा कापडी टप दुमडून मागे ठेवला असताना त्याला ओल, मीठ, घर्षण आणि उंदीर यांपासून जपण्याची पद्धत. उभारलेला टप ऊन-पाऊस सोसण्यासाठीच बनवलेला असतो. मिटल्यावर मात्र घड्यांत वारा खेळत नाही, आणि कोकण किनाऱ्याच्या दमट, खाऱ्या हवेत टपाचे खरे नुकसान याच अवस्थेत होते.

या किनाऱ्यावर असे टप आधी जीपवर दिसत, १९८५ नंतर मारुती जिप्सीवर आणि २०१० पासून महिंद्राच्या थारवर. २०२० च्या थारला हाताने मागे दुमडण्याच्या टपाचाही पर्याय आला. बटण दाबून मिटणाऱ्या टपाच्या महागड्या गाड्या येथे क्वचितच दिसतात, पण त्यांच्याही कापडाला तेच नियम लागू पडतात. जीपचा टप जाड कॅनव्हासचा किंवा रेक्झिनचा असतो. नव्या गाड्यांत बहुधा तीन थरांचे कापड येते : वर ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर, मध्ये रबराचा पातळ थर आणि आत अस्तर. मागची खिडकी काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची असते. त्यातली प्लॅस्टिकची खिडकी सर्वांत नाजूक.

पहिला नियम एकच : ओला टप मिटू नये. वरून हात फिरवून कोरडा लागला, एवढ्यावर विसंबू नये. शिवणी, चेनीखालची पट्टी आणि लोखंडी कमानींना टेकणारे अस्तर शेवटी वाळते. ते भाग बोटांच्या चिमटीत दाबून पाहावेत. हिवाळ्यात पाऊस नसला तरी पहाटेच्या दवाने टप भिजतो. सकाळी लवकर निघताना टप मागे टाकण्याचा मोह होतो, तो ऊन चढेपर्यंत आवरावा. मीठ बसलेला टप तर धुतल्याशिवाय पुरता वाळतच नाही, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेत राहते. त्याचे कण घडीत अडकले की गाडीच्या प्रत्येक हादऱ्यासरशी कापड घासतात. जांभ्याची तांबडी धूळही तेच करते, शिवाय ओल मिळाली की डाग सोडते.

म्हणून पुळणीवरून किंवा दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी अशा फेरीबोटीवरून आल्यावर टप गोड्या पाण्याने धुवावा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते वापरू नये. बादलीभर पाण्यात गाडीचा सौम्य शाम्पू थोडासा घालून मऊ ब्रशने विणीच्या दिशेने घासावे आणि फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी ओतावे. कपड्यांची पावडर घातली तर कापडावरचा पाणी झटकणारा लेप निघून जातो. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने शिवणी उसवतात. धुतलेला टप उभारूनच वाऱ्यावर, सावलीत वाळवावा.

मिटताना घाई नडते. टप पुढच्या काचेच्या चौकटीला पकडून ठेवणारे खटके सोडल्यावर, मागची खिडकी चेनीची असल्यास आधी चेन उघडून खिडकी सपाट निजवावी. प्लॅस्टिकच्या दोन पृष्ठभागांमध्ये जुन्या सुती साडीचा स्वच्छ तुकडा घालावा, नाहीतर मधली धूळ त्यावर कायमचे चरे पाडते. जीपचे सुटे पडदे घडी न करता गुंडाळावेत. घडीच्या रेषेवर प्लॅस्टिक आधी पांढरे पडते आणि मग तडकते. कमानी खाली येऊ लागल्या की दोन्ही बाजूंचे कापड हाताने सांध्यांतून मोकळे ओढून घ्यावे. आतले इलॅस्टिकचे पट्टे सैल झाले असतील तर कापड सांध्याच्या कात्रीत सापडते. आधी तेथे चकाकणारा ठिपका दिसतो, मग भोक पडते. ठिपका दिसताच पट्टा बदलावा. पट्टा स्वस्त, टप महाग.

मिटलेल्या टपावर त्याचे आच्छादन असेल तर ते लावावेच. नसल्यास एकच घडी सतत उन्हात राहून त्या पट्ट्याचा रंग उडतो. टपावर आंब्याच्या पेट्या किंवा नारळाची पोती ठेवू नयेत. त्या भाराने कमानी किंचित वाकतात आणि पुढे टप काचेच्या चौकटीवर नीट बसत नाही. गाडी आंब्याच्या कलमाखाली उभी करू नये : मोहोर, चीक आणि पाने घडीत शिरतात. सुरूच्या बारीक काड्या तर पाणी वाहून जाण्याच्या भोकांत अडकतात आणि पाणी थेट गाडीत उतरते. ही भोके पावसाळ्याआधी मऊ नळीने मोकळी करावीत. तार घालू नये.

जून ते सप्टेंबर टप मिटून ठेवूच नये. उभारून, खटके लावून ठेवावा आणि उघडीप मिळाली की दारे उघडून आत वारा खेळू द्यावा. आठवडाभर ओल्या घडीत राहिलेल्या टपावर काळी-हिरवी बुरशी धरते. ती आधी उघड्यावर कोरड्या ब्रशने झाडावी, मग एक भाग पांढरे व्हिनेगर आणि चार भाग पाणी लावून, थोड्या वेळाने धुऊन काढावी. त्याआधी कोपऱ्यात रंग उतरतो का ते पाहावे. ब्लीचने दोरा कुजतो. अस्तराच्या सुतात मुरलेले काळे ठिपके मात्र सहसा जात नाहीत.

पडवीत किंवा मांगरात (शेतावरच्या खोपटात) महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या घडीत उंदीर घर करतात. भात, काजू, सुके खोबरे शेजारी साठवले असेल तर हमखास. अशा गाडीचा टप दर पंधरवड्याला पूर्ण उभारून पाहावा. त्याच वेळी रबराच्या कडांना सिलिकॉनचा हात द्यावा (पेट्रोल, डिझेल किंवा ग्रीस नको, रबर फुगते), चेनीवर मेणबत्ती घासावी आणि टिचबटणांचा हिरवट थर पुसून त्यांवर व्हॅसलिनचे बोट फिरवावे.

फार दिवस मिटलेला टप, विशेषतः रेक्झिनचा, आखडतो आणि खटके पोचत नाहीत. जोराने ओढल्यास शिवण सुटते. टप जमेल तितका उभारून तासभर उन्हात ठेवावा; कापड तापून सैलावले की दोघांनी दोन्ही बाजू एकदम ओढून खटके लावावेत आणि एक-दोन दिवस तो तसाच ताणलेला राहू द्यावा.