खाण बंद पडलेल्या गावातलं भाड्याचं घर: कायदा आणि गुंतवणुकीची पार्श्वभूमी

सातारा-सांगली भागात डोंगराच्या कडेला बसलेली काही गावं दगडाच्या खाणीवर जगली. ही काळ्या बेसाल्टची भूमी. डबर, खडी, मुरूम यांना इथे नेहमी मागणी राहिली. १९५६ ते १९६४ या काळात कोयना धरण बांधलं गेलं, तेही रबल काँक्रीटचं, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठे दगड घालून. पुढे कालवे आणि उपसा योजनांची कामं आली, मग पुणे-बंगळूर महामार्गाचं चौपदरीकरण. प्रत्येक कामाबरोबर नवे क्रशर उभे राहिले आणि क्रशरबरोबर माणसं आली: वडार कुटुंबं, कर्नाटकातून आणि मराठवाड्यातून आलेले मजूर, डंपरचालक, सुरुंग लावणारे. त्यांना राहायला खोल्या हव्या होत्या. गावातल्या ज्यांच्याकडे रस्त्यालगत चार-पाच गुंठे होते, त्यांनी दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगा बांधल्या. वर पत्रा, त्यावर वारा धरू नये म्हणून ठेवलेले दगड, रांगेच्या टोकाला एक नळ, आणि सगळ्या खोल्यांना मिळून एकच वीजमीटर.

आज यातल्या बऱ्याच खाणी थांबल्या आहेत. खोल्या रिकाम्या आहेत, किंवा जुनीच कुटुंबं तिथे राहतात आणि भाडं देतात की नाही हे मालकालाही नीट सांगता येत नाही. अशी रांग 'स्वस्तात मिळतेय' म्हणून विकत घेणारे आता पुण्या-मुंबईहूनही येतात. त्यांनी आणि मूळ मालकांनी घराआधी जमिनीचा इतिहास वाचायला हवा, कारण अडचणी बहुधा तिथेच दडलेल्या असतात.

खाणी का थांबल्या, इथून सुरुवात करू. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजं. १९५७ च्या केंद्रीय खनिज कायद्याच्या कलम १५ ने त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. आपल्याकडे त्याआधीपासून १९५५ चे मुंबई गौण खनिज नियम होते, २०१३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिजांवरचा हक्क सर्वसाधारणपणे शासनाचा. म्हणजे शेत तुमचं असलं तरी त्यातला दगड काढायला परवाना लागतो आणि दर ब्रासवर (शंभर घनफुटांवर) रॉयल्टी भरावी लागते. लहान खाणींना पर्यावरण मंजुरीचा काच पूर्वी फारसा नव्हता. २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही ती मंजुरी आवश्यक ठरवली आणि कागद नसलेले कितीतरी क्रशर गप्प झाले.

पश्चिमेकडच्या तालुक्यांत कारण आणखी जुनं. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील झाला आणि तिथे खाणकामावर बंदी आली. २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये कास, कोयना आणि चांदोली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यांमध्ये खाणबंदी कायम आहे. या पट्ट्यात खाण पुन्हा सुरू होईल या आशेवर कुणी खोल्या घेत असेल तर त्याने घेऊ नयेत, असं मी स्पष्टच म्हणेन.

खाण थांबली तरी तिचे कागद मागे राहतात, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी याची वाटते. बेकायदा उत्खननाला संहितेच्या कलम ४८(७) नुसार जबर दंड होतो. तो भरला नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा म्हणून चढतो. दगड ठेकेदाराने नेला, पैसे मुकादमाने वाटले आणि दंड लागला जमीनमालकाच्या सातबाऱ्यावर. अशा वेळी मालक तहसीलमध्ये चकरा मारत बसतो. खोल्यांच्या रांगेचा व्यवहार करताना फक्त त्या तुकड्याचा सातबारा बघून भागत नाही. मूळ गट नंबर, त्याची फाळणी आणि जुने फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, काढून बघावे लागतात. रांग गायरानावर, म्हणजे गावाच्या सामायिक चराऊ जमिनीवर, असेल तर प्रश्नच मिटला. जगपाल सिंग खटल्याच्या २०११ च्या निकालानंतर गायरानावरच्या खासगी बांधकामाला न्यायालयात टिकाव नाही, आणि ते विकण्याचा हक्क तर कुणालाच नाही.

गावठाणातल्या घराची कथा वेगळी. तिथे सातबारा नसतो, त्यामुळे लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. त्यात घराचं वर्णन 'दगड-माती, पत्रा' असं असतं, क्षेत्रफळ असतं आणि कराची रक्कम असते. पण ही आकारणीची नोंदवही आहे. कर कुणाकडून घ्यायचा एवढंच ती सांगते, मालकी ठरवत नाही. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली गेली आणि मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या. ज्या गावात हे काम झालंय तिथे पत्रिका मागावी. नुसत्या नमुना ८ वर पैसे मोजू नयेत.

आता भाडेकायदा. सातारा-सांगलीत भाड्याचं घर म्हटलं की जुने लोक 'पोटभाडेकरू घर बळकावतो' असं म्हणतात. ही भीती शहरातून आली. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ ला लागू झाला. त्यानंतर महिनाभरातच, ८ मार्चला, सांगली, मिरज, औंध, फलटण ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. त्या कायद्याने प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला घेता येणारं कमाल भाडं, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं होतं. पुढच्या पन्नास वर्षांत महागाई किती वाढली हे सगळ्यांना ठाऊक आहे. वाड्यांच्या भिंतींना पिंपळ फुटले, दुरुस्ती कुणी करेना. शेवटी १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी ठरवली. मग १९९९ चा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ, भाड्याची पावती देण्याची सक्ती, दुरुस्तीची जबाबदारी मालकावर, पाणी-वीज तोडायला मनाई, आणि कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारीही मालकावरच आहे. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. 'अकरा महिन्यांचा स्टॅम्प केला की झालं' ही समजूत तेव्हाच कालबाह्य झाली, तरी अजून चालते.

मात्र हा कायदा त्याच्या अनुसूचींमध्ये नावं असलेल्या भागांना लागू होतो, आणि ती यादी मुख्यतः शहरं-नगरपालिकांची आहे. खाणीचं गाव तिच्यात नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. त्याच्या कलम १०६ नुसार महिनेवारी भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस लागते. कलम १०८ मध्ये एक गोष्ट अशी आहे की ती खाणीच्या गावासाठीच लिहिल्यासारखी वाटते: मालकाला ठाऊक असलेला आणि भाडेकरूला सहज न दिसणारा मोठा दोष सांगणं मालकावर बंधनकारक आहे. सुरुंगांच्या हादऱ्याने तडकलेल्या भिंतीवर गिलावा मारून खोली देणं इथे थेट बसतं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात दगड-मातीच्या भिंतींनी किती जीव घेतले हे या भागाने पाहिलंय. खोली देण्याआधी भिंत ठोकून बघावी, चौकटीजवळचे तडे उघडे करून बघावेत. गावाच्या हद्दीत खाणीचा पाण्याने भरलेला खड्डा असेल आणि खोल्यांपासून मुलं तिकडे जात असतील तर कुंपणाची विचारणा मालकानेच ग्रामपंचायतीत करावी.

कायदा गावाला कुठलाही लागो, करार नोंदवावाच. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नुसती वापराची परवानगी देणाऱ्या कराराला, मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि ग्रामीण भागात नोंदणी फी पाचशे रुपये आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचा आदेश लागू असेल तर तेही करावं. एका मीटरवर पाच खोल्या असतील तर सबमीटर लावावेत. भांडणं बहुतेक बिलावरूनच होतात.

जुनी कुटुंबं आहेत त्यांचं काय? रांग विकत घेतली तरी भाडेकरूचा हक्क खरेदीबरोबर येतो. वडार समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. यातल्या अनेकांकडे वीस-तीस वर्षं त्या खोलीत राहिल्याचा एकही कागद नसतो. मुकादमाने बसवलं एवढंच ते सांगू शकतात. त्यांना सामानासकट बाहेर काढणं बेकायदा तर आहेच, पण ज्यांनी या भागाचे रस्ते आणि धरण बांधलं त्यांच्याशी असं वागणं मला सहन होत नाही. त्यांच्याशी लेखी करार करून वाजवी भाडं ठरवणं दोघांनाही सोयीचं असतं.

परतावा किती मिळेल हे गावापासून कामाच्या ठिकाणापर्यंतच्या अंतरावर ठरतं. शिरवळ, तासवडे, कुपवाड, मिरज इथल्या औद्योगिक वसाहतींपर्यंत किंवा कराड-मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत सकाळच्या पाळीला एसटीने अथवा दुचाकीने जाता येत असेल तर खोल्या भरतात. नाहीतर वर्षभराच्या भाड्यातून पत्र्याचा खर्चही निघत नाही. मिळालेल्या भाड्यातून घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर आयकरात ३० टक्के ठोक वजावट मिळते. खर्च त्याहून कमी झाला तर फायदा, जास्त झाला तर तो आपल्या खिशातून. हिशोब करताना पावसाळ्याचे चार महिने भाडं बुडेल असं धरूनच आकडे मांडावेत.