बीट : आहारातील उपयोग आणि खाण्याच्या पद्धती

बीट ही गड्ड्यासाठी आणि पानांसाठी लावली जाणारी भाजी असून तिचे शास्त्रीय नाव बेटा व्हल्गॅरिस आहे. जुन्या वर्गीकरणात ती चाकवत-पालकाच्या कुलात होती. आता ते संपूर्ण कुल राजगिरा-माठाच्या कुलात सामावून घेतले आहे. बिटाच्या पानांची भाजी खाऊन पाहिली की हे नाते जिभेलाच पटते. या भाजीचा रानटी पूर्वज भूमध्य समुद्राच्या आणि पश्चिम युरोपच्या किनाऱ्यांवर आजही उगवतो. ग्रीक आणि रोमन लोक मुख्यतः तिची पाने खात. गोल, लालभडक गड्डा युरोपात सोळाव्या शतकापासून पुढे रूढ होत गेला. साखर काढतात ते पांढरे बीटही याच जातीचे. बिटात उसातलीच साखर असते, हे आंद्रेआस मारग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७४७ मध्ये दाखवून दिले. उसाच्या मुलखातील वाचकांना नवल वाटेल, पण जगातील सुमारे पाचवा हिस्सा साखर अजूनही बिटापासूनच बनते.

महाराष्ट्रात बीट वर्षभर मिळते, तरी थंडीतले बीट सरस. उष्ण हवेत वाढलेला गड्डा कापला की आत फिकट, पांढुरकी वलये दिसतात आणि चवही उतरलेली असते.

रक्त वाढते का?

बीट खाल्ल्याने रक्त वाढते, ही समजूत घरोघरी आहे आणि तिचे मूळ बहुधा रंगात असावे. प्रत्यक्षात १०० ग्रॅम कच्च्या बिटात लोह असते सुमारे ०.८ मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुचवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. ते एकट्या बिटातून मिळवायचे म्हटले तर रोज साडेतीन किलोंहून जास्त बीट खावे लागेल. लोहासाठी अळीव, कडधान्ये आणि पालेभाज्या यांकडे वळणे अधिक शहाणपणाचे. हिमोग्लोबिन फारच उतरले असेल, तर बिटाच्या रसावर विसंबून गोळ्या टाळणे घातक ठरते.

तरीही ही समजूत अगदीच पोकळ नाही. तांबड्या पेशी तयार होण्यासाठी लोहाबरोबर फोलेट हे ब गटातील जीवनसत्त्वही लागते आणि ते बिटात चांगले असते : कच्च्या १०० ग्रॅममध्ये १०९ मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे प्रौढ स्त्रीच्या रोजच्या गरजेच्या जवळजवळ निम्मे. उकडल्यावर ते ८० पर्यंत खाली येते. फोलेटच्या कमतरतेमुळे होणारा पंडुरोग वेगळा असतो. त्याच्या बाबतीत बिटाचा आहारात काही हातभार लागतो, असे म्हणता येईल.

रंग येतो तो बेटालेन गटातील द्रव्यांमुळे. हिमोग्लोबिनशी त्यांचा काही संबंध नाही. लाल माठ, बोगनवेल, निवडुंगाची बोंडे आणि लाल गराचे ड्रॅगनफ्रूट यांचा रंगही याच गटातला. आंबटपणात हा रंग टिकतो, सोड्याने पिवळट-तपकिरी होतो. बिटाचा ढोकळा वाफवल्यावर मातकट का दिसतो, त्याचे कारण हेच. सुमारे १० ते १४ टक्के लोकांना बीट खाल्ल्यावर लघवी गुलाबी किंवा लाल होते. शरीरात लोह कमी असलेल्यांत हे अधिक आढळते. एरवी त्यात घाबरण्यासारखे नाही, मात्र बीट न खाताही तसे दिसले तर डॉक्टरांना दाखवावे.

रक्तदाब आणि दमसास

बिटाचा खरा विशेष आहे त्यातील नायट्रेट. पालक, मुळा, मेथी यांतही ते असते. जमीन आणि खतानुसार त्याचे प्रमाण बरेच बदलते. पोटात गेलेल्या नायट्रेटचा काही भाग रक्तावाटे लाळेत परत येतो. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, ते गिळल्यावर शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात. या साखळीत जिवाणूंचे काम इतके मोलाचे आहे, की जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरणाऱ्यांना बिटाचा हा फायदा बराचसा मिळतच नाही.

२००८ मध्ये लंडनमधील संशोधकांनी निरोगी माणसांना अर्धा लिटर बिटाचा रस दिला, तेव्हा काही तासांत त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी उतरला. २०१५ मध्ये त्याच शहरातील दुसऱ्या चाचणीत उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी चार आठवडे रोज २५० मिलिलिटर रस घेतला. त्यांचा वरचा दाब सरासरी आठ आणि खालचा चार अंकांच्या आसपास कमी झाला. रस थांबवल्यावर परिणामही ओसरला. म्हणजे औषधाला तो पर्याय नव्हे.

खेळाडूंचे लक्ष बिटाकडे वळवले ते इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठाने. २००९ च्या प्रयोगात सहा दिवस बिटाचा रस घेतलेल्या तरुणांना त्याच व्यायामासाठी कमी प्राणवायू लागला आणि दमून थांबण्याची वेळ लांबली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या पूरक आहाराविषयीच्या २०१८ च्या निवेदनात कामगिरीला मदत करू शकणाऱ्या द्रव्यांत कॅफीन, क्रिएटिन यांच्या बरोबरीने नायट्रेटचाही समावेश आहे. हा परिणाम मुरलेल्या खेळाडूंपेक्षा हौशी धावपटूंत जास्त दिसतो. शर्यतीआधी दोन-तीन तास रस घेण्याची पद्धत आहे. पहिल्यांदाच घेणाऱ्याने मात्र तो शर्यतीच्या दिवशी घेऊ नये. पोट बिघडले तर सगळा सराव वाया!

कसे खावे

अनेकांना बीट आवडत नाही ते त्याच्या मातीसारख्या वासामुळे. हा वास जिओस्मिन या द्रव्याचा. पहिल्या पावसानंतर दरवळणाऱ्या मृद्गंधातही तेच असते, पण ताटात तो वास फारसा कोणाला नको असतो. आंबटाने तो दबतो. म्हणूनच लिंबू किंवा दही घातलेली कोशिंबीर बिटाला इतकी मानवते. कच्चे किंवा उकडलेले बीट किसून त्यात घट्ट दही, शेंगदाण्याचे कूट, चिमूटभर साखर आणि मीठ घालावे. वरून मोहरी, हिंग, हिरवी मिरची आणि कढीलिंब यांची फोडणी द्यावी. मीठ वाढण्याच्या वेळीच घालावे, नाहीतर पाणी सुटून कोशिंबिरीचे सार होते.

बीट उकडताना साल काढू नये. शेंडी ठेवावी आणि देठाची दोन बोटे लांबी राहू द्यावी, म्हणजे रंग व सत्त्व पाण्यात उतरत नाही. कुकरमध्ये मध्यम गड्ड्याला तीन-चार शिट्ट्या पुरतात. गार झाल्यावर साल हातानेच निघते. उकडलेल्या चकत्या मुंबईच्या टोस्ट सँडविचमध्ये काकडी-बटाट्याशेजारी हक्काने बसल्या आहेत. किसलेले बीट थालीपिठाच्या किंवा पराठ्याच्या पिठात मळता येते. पंजाबी घरांत होळीच्या सुमारास काळे गाजर, बीट आणि मोहरीची पूड पाण्यात आंबवून कांजी करतात, केरळच्या ओणम सद्येत बिटाची पचडी असते. बिटाचा हलवाही चांगला होतो, पण आरोग्याच्या नावाखाली तो खाऊ नये.

पाला मात्र फुकट जातो. बाजारात तो खुडून टाकला जातो, वास्तविक १०० ग्रॅम पानांत लोह गड्ड्याच्या तिप्पट, सुमारे २.६ मिलिग्रॅम असते. कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वही भरपूर. कोवळा पाला लसूण आणि भिजवलेली मूगडाळ घालून परतावा, किंवा पीठ पेरून भाजी करावी. घरी आणल्यावर पाला लगेच कापून वेगळा ठेवावा, कारण तो गड्ड्यातले पाणी ओढून घेतो.

रस की अख्खे बीट? रसात नायट्रेट एकवटते, पण गाळल्यावर तंतू जातात आणि साखर राहते. १०० ग्रॅम बिटात साधारण सात ग्रॅम साखर असते. मधुमेह असलेल्यांनी कोशिंबिरीची वाटी बेधास्त घ्यावी, रसाचा पेला टाळावा.

कोणी जपून खावे

बिटात आणि विशेषतः त्याच्या पाल्यात ऑक्झलेट बरेच असल्याने कॅल्शियम ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी बीट कमी खावे. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर बंधन असते. एका मध्यम बिटातही ते सहज २५० मिलिग्रॅमवर जाते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना रोज रस सुरू करायचा असेल तर डॉक्टरांना विचारावे. पाल्यात के जीवनसत्त्व खूप असल्याने वॉरफेरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी त्याचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. सहा महिन्यांच्या आतील बाळाला बिटाचे पाणी किंवा रस देऊ नये. मोठ्या बाळासाठी शिजवून कुस्करलेले बीट ताजेच वापरावे, कारण ते बाहेर राहिले की त्यातील नायट्रेटचे नायट्राइट होऊ लागते.