एचआयव्ही आणि कर्करोग

एचआयव्हीमुळे सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) घटतात आणि एरवी दबून राहणाऱ्या विषाणूंना मोकळे रान मिळते. त्यातून तीन कर्करोग विशेष बळावतात: एपस्टीन-बार विषाणूशी निगडित लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग), एचपीव्ही या विषाणूमुळे होणारा गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि एचएचव्ही-८ या विषाणूमुळे होणारा कापोसी सार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कर्करोग). कापोसी भारतात क्वचितच आढळतो. त्यामुळे नाशिकसारख्या जिल्ह्यात लक्ष ठेवायचे ते पहिल्या दोघांवर.

लिम्फोमा ओळखताना सर्वाधिक घोटाळा होतो तो टीबीशी. मानेत गाठ, ताप, रात्री दरदरून घाम, उतरलेले वजन ही लक्षणे दोन्हींत सारखीच. सुईच्या तपासणीत नेमके काही कळले नाही की एकेटी (टीबीची औषधे) सुरू होते, आणि गाठ कमी होईल या आशेवर महिने जातात. तोवर आजार आतडी, अस्थिमज्जा किंवा मेंदूपर्यंत पोहोचलेला असतो. म्हणून शक्य तेव्हा गाठ पूर्ण काढूनच तपासावी. तिचा एक तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा साध्या सलाईनमध्ये ठेवावा. सगळी गाठ फॉर्मॅलिनमध्ये गेली तर टीबीचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करता येत नाही. तपासणीआधी स्टेरॉइड देणे टाळावे. त्याने लिम्फोमा तात्पुरता आटतो आणि निदान हुकते. हिरडीवर झपाट्याने वाढणारी सूजही लिम्फोमाची असू शकते, दात काढून ती जात नाही.

एचआयव्हीबाधित स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांनुसार त्यांची तपासणी वयाच्या २५ व्या वर्षापासून, एचपीव्ही चाचणीने दर ३ ते ५ वर्षांनी व्हावी. जिथे ती नाही तिथे ३ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल लावून एक मिनिट थांबतात. पांढरा पडलेला भाग संशयास्पद. एआरटीच्या (एचआयव्हीवरील उपचाराच्या) गोळ्या घ्यायला दर खेपेला येणाऱ्या बाईला हे कोणी सुचवतच नाही, ही मोठी उणीव आहे.

एचआयव्ही आहे म्हणून किमोचा डोस आपणहून कमी करणे चूक. एआरटीच्या गोळ्या नियमित असतील आणि उपचार पूर्ण झाले तर लिम्फोमाचे निकाल इतर रुग्णांच्या जवळपास येतात. मात्र औषधांचा मेळ पाहावाच लागतो. रिटोनाविर या एचआयव्हीच्या औषधामुळे व्हिन्क्रिस्टीन हे किमोचे औषध रक्तात साचते. हातपाय बधिर होतात, आतडी मंदावतात. झिडोवूडिन हे एचआयव्हीचे औषध आणि किमो मिळून रक्तपेशी घसरतात. एचआयव्हीचे टेनोफोविर आणि किमोचे सिस्प्लॅटिन दोन्ही मूत्रपिंडाला जड. डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाने क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला घटक) किंचित वाढते, पण तेवढ्यावरून मूत्रपिंड बिघडले असे समजून सिस्प्लॅटिन थांबवू नये. किमो किंवा शेकाने (रेडिएशनने) सीडी४ खाली येतो, म्हणून इतर संसर्ग टाळणारे कोट्रायमोक्साझोल सुरूच ठेवतात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शेकासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन, प्रति चौरस मीटर ४० मिलीग्रॅम, देतात आणि आतून द्यायच्या शेकासह सगळे आठ आठवड्यांत उरकावे लागते. खंड पडला की रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते. सुरगाणा-पेठकडच्या बाईला यासाठी नाशिकच्या संदर्भ सेवा रुग्णालयात किंवा मुंबईला टाटामध्ये मुक्काम करावा लागतो, आणि नेमक्या त्याच काळात एआरटीच्या गोळ्या संपतात. निघण्यापूर्वी एआरटी केंद्रातून जादा महिन्यांचा साठा मागून घ्यावा आणि एआरटीचे पुस्तक कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवावे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार एचआयव्हीच्या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत.