‘सा-प वाजवता आलं की झालं’? ब्लूग्रास बासबद्दलचा गैरसमज

ज्याला बॅंजो, फिडल काहीच जमत नाही, त्याच्या हाती डबल बास, म्हणजे उभं धरून वाजवायचं खर्जातलं मोठं तंतुवाद्य, द्यायचा. दोन स्वर आणि थोडा विनोद, एवढंच काम, असा समज ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या शैलीबद्दल वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धी गोष्ट खरी आहे. बासवादक हॉवर्ड वॉट्स ‘सेड्रिक रेनवॉटर’ नावाने मंचावर विनोदही करायचे. पण 1946-47 मध्ये ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मनरो यांच्या ज्या ध्वनिमुद्रणांवर ही शैली उभी राहिली, त्यांतला बास त्यांचाच. पुढे फ्लॅट-स्क्रग्ज ही ब्लूग्रास जोडी, मग कंट्री गायक हँक विल्यम्स यांनीही त्यांनाच घेतलं. विनोदासाठी नक्कीच नव्हे!

दोन स्वर, तेही खरं: जी कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) जी आणि डी, म्हणजे षड्ज-पंचम. पण या संगीतात सहसा ड्रम नसतो. चारांतली पहिली आणि तिसरी मात्रा बासची, दुसरी-चौथी मँडोलिनची. लय मिनिटाला 300 मात्रांवर गेली की बासवाल्याला 150 ठोके सारख्या अंतरावर टाकावे लागतात. नवशिक्याचं इथेच बिनसतं. तार खेचून तो डावं बोट दाबूनच ठेवतो, स्वर पुढच्या मात्रेवर सांडतो आणि मँडोलिनचा ठोका बुजतो. बोट उचलायचं नाही, फक्त दाब सैल करायचा. खुल्या तारेवर मात्र रिकामी बोटं अलगद टेकवावी लागतात.

कॉर्ड बदलताना जी-ए-बी-सी असं चढायचं, तर सी नेमका पहिल्या मात्रेवर पडला पाहिजे. या कौशल्यासाठी वेगळा पुरस्कारही आहे: बासवादक मिसी रेन्स यांनी 1998 मध्ये आयबीएमए या आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा सर्वोत्तम बासवादकाचा पुरस्कार मिळवला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.