नानांची हेरल्ड आणि पाण्याचे उद्योग

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात नानांची स्टँडर्ड हेरल्ड बावीस वर्षं उभी होती. गाडीवर सतरंज्या आणि सतरंज्यांवर मांजरं. नाना म्हणजे माझे थोरले काका. निवृत्त झाल्यावर एका रविवारी पोहे-जिलबी आटोपून त्यांनी सतरंज्या ओढल्या आणि मला हाक मारली, "तू मुलांना केमिस्ट्री शिकवतोस ना? मग हे बघ." दाराखालच्या पत्र्यावर त्यांनी बोट दाबलं. बोट आत गेलं.

ही गाडी तिच्या काळात रामबागेतली 'स्पोर्ट्स कार' होती, कारण दारं दोनच. खरं तर ही साधी सलून, म्हणजे घरगुती बंद गाडी. इंग्लंडमध्ये १९५९ साली ट्रायम्फ हेरल्ड आली तेव्हा तिची कूपेही, म्हणजे उतरत्या छपराची दोन दारी आवृत्तीही, निघाली होती. पुढे याच घराण्याच्या चेसिसवरून, म्हणजे खालच्या सांगाड्यावरून, १९६२ मध्ये स्पिटफायर ही उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आणि १९६६ मध्ये जीटी-६ ही खरीखुरी स्पोर्ट्स कूपे झाली. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला तयार झाली ती ९४८ सीसी इंजिनाची हेरल्ड. मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने काढलेला आकार मात्र तोच. बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं आणि अख्खं इंजिन उघड्यावर येतं. पुढच्या चाकावर बसूनच प्लग बदलता येतात.

तिची बॉडी वेगवेगळ्या तुकड्यांची, स्वतंत्र चेसिसवर बोल्टांनी आवळलेली. इंदूरला ही पद्धत नवी नाही. इथले महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्युसेनबर्ग एसजे घेतली, तिच्यावर बॉडी चढवली ती इंग्लंडच्या गर्नी नटिंगने. चेसिस एकाची, अंगरखा दुसऱ्याचा. आमच्यासारख्या हौशी लोकांना याचा फायदा असा की मडगार्ड काढून घरात आणता येतं, आणि काकूच्या शिव्या खात जेवणाच्या टेबलावर घासताही येतं. तोटा असा की जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे फट राहते, आणि फट म्हटली की पाणी आलंच.

हे पाणीच मला तीन वर्षं भेटत राहिलं. दर वेळी वेगळ्या वेषात.

पहिला वेष गंजाचा. पत्रा ओला झाला की सगळीकडे सारखा गंजतो, असं आपल्याला वाटतं. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबात दाखवलं की तसं नसतं. तो प्रयोग मी नानांना टेबलावर करून दाखवला. पत्र्याचा तुकडा चकचकीत घासला. मिठाच्या पाण्यात पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीन घालून एक मोठा थेंब त्यावर ठेवला. काही मिनिटांत थेंबाच्या मधोमध निळा डाग उमटला आणि कडेने राणी रंगाचं कडं आलं. निळं तिथे लोखंड विरघळतंय, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतंय. राणी रंग तिथे हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेऊन पाण्याला अल्कधर्मी करतोय. थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर, मध्यभागी तुटपुंजा. एवढ्या फरकावर एक चिमुकली बॅटरी सुरू होते. तांबूस गंज जमतो तो या दोघांच्या मध्ये.

नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे जिथे हवा कमी, तिथेच खातं?"

नेमकं तेच. म्हणून उघड्या छपराला काही होत नाही आणि चिखल चिकटलेला, दोन पत्र्यांत दबलेला, रबराखाली झाकलेला भाग सडतो. त्यात माळव्याची काळी माती म्हणजे ओल धरून ठेवणारा स्पंज. दाराखालच्या पोकळ पट्टीला पाणी निथळायला भोकं असतात. ती मातीने बुजली होती. आत पाणी साचून राहिलं, आणि नानांचं बोट आत गेलं ते त्याच जागी. जुनी गाडी ठेवणाऱ्याला मी एकच सल्ला देईन: वरून पॉलिश नंतर, आधी खाली वाकून ही भोकं तारेने मोकळी करा.

पहिल्या वर्षी आम्ही एक चूक केली. एका वर्कशॉपने "आठ दिवसांत नवी करून देतो" म्हटलं आणि आम्ही भुललो. गाडी आली ती आरशासारखी. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड आले. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे खाली राहिलेला गंज वाढला की रंग वर उचलतो. शिवाय रंगाखाली घामाचे, धुण्याच्या पाण्याचे क्षार राहिले असतील तर रंगातून झिरपणारं पाणी त्यांच्याकडे ओढलं जातं. मनुका भिजून फुगते तसाच हा प्रकार. आता आम्ही कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊनच गाडी बघतो. ते पत्र्याला चिकटतं, पुट्टीला नाही. त्या आरशासारख्या दारावर ते हातभर जागेत घसरत गेलं.

मग जुन्या इंदुरातले एक डेंटर मिळाले, वय सत्तरीचं, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. दार ठोकून बघत म्हणाले, "पानी खाता है भिया, जंग तो बस दिखता है." पहिल्या वर्गात शिकवावं असं वाक्य.

सडलेला पत्रा कापून नवा जोडणं हे उस्तादांचं काम. कंस, बिजागऱ्या, क्लिपा माझ्याकडे. यासाठी मी प्लॅस्टिकची बादली, धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरतो. गंजलेला भाग चार्जरच्या ऋण टोकाला, भंगारातला लोखंडी पत्रा धन टोकाला, दोन्ही सोड्याच्या पाण्यात एकमेकांना न शिवता. इव्हान्सच्या थेंबात लोखंड इलेक्ट्रॉन घालवत होतं. इथे चार्जर ते त्याला परत पुरवतो. सकाळपर्यंत तांबडा गंज काळा, भुसभुशीत होतो आणि ब्रशने निघतो. हे उघड्यावरच करावं, कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि स्प्रिंगा या बादलीत अजिबात घालू नयेत. हायड्रोजन कडक पोलादात शिरून ते ठिसूळ करतो.

यानंतर उस्ताद पत्र्यावर फॉस्फोरिक आम्लाचा हात फिरवतात. उरलासुरला गंज लोह फॉस्फेट होऊन पत्र्याला घट्ट धरतो आणि त्यावर प्रायमरही नीट बसतो. हे बघताना मला धार आठवतं. इंदूरपासून साठेक किलोमीटरवर, लाट मशिदीच्या आवारात, लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे पडलेले आहेत. शेकडो पावसाळे खाऊनही ते उभे, म्हणजे आडवे, शाबूत आहेत. दिल्लीच्या स्तंभासारखंच या लोखंडातही फॉस्फरस भरपूर आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर राखणारा थर तयार होतो. आजच्या पोलादात फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर पत्रा ठिसूळ होतो. म्हणून जे धारच्या लोहारांच्या लोखंडात आतच होतं, ते आम्हाला बाहेरून ब्रशने लावावं लागतं.

गाडी चालू झाल्यावर नानांना ओंकारेश्वरला जायचं होतं. मी अडवलं, ब्रेक ऑइल बदलल्याशिवाय नाही. नाव ऑइल असलं तरी ते तेल नसतं, ग्लायकॉल जातीचं द्रव असतं आणि हवेतली वाफ शोषत राहतं. कोरं डॉट-३ (या द्रवाची एक प्रत) कमीत कमी २०५ अंशांना उकळतं; त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मर्यादा १४० अंशांवर येते. बावीस वर्षांत काय मुरलं असेल ते बाटलीतल्या चहासारख्या रंगावरून दिसत होतं.

आता हिशेब बघा. माळव्याच्या पठारावरून सिमरोळचा घाट उतरून नर्मदेकाठी जाईपर्यंत गाडी साडेतीनशे मीटरच्या आसपास खाली येते. माणसांसकट वजन हजार किलो धरलं तर जवळजवळ ३४ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. दहा लिटर गार पाण्याला उकळी आणेल एवढी. गियर खालचा ठेवला तर बरीचशी इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये 'पेट्रोल वाचवत' उतरलं तर त्यातला मोठा वाटा ब्रेकच्या ड्रमांवर येतो. द्रवातलं पाणी उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल सरळ फरशीला टेकतं. नानांनी पेट्रोल वाचवण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

पेट्रोलचं दुखणं मात्र नवं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते: एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. आधुनिक गाडीचा सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. हेरल्डचा कार्बोरेटर बिचारा हवेच्या ओढीवर आणि पितळी जेटच्या भोकावर चालतो, त्याला काय कळणार? इंजिन उपाशी राहतं, तापतं. आम्ही जेट एक नंबर मोठा टाकला. जुन्या रबरी नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. पाणी इथेही आहेच: इथेनॉल ओल ओढतं, आणि फार झाली की दोघं मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. त्यामुळे पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर नाना टाकी अर्धवट ठेवत नाहीत. वर हवा कमी, तर ओलही कमी.

राहिला रेडिएटर. तो काढला तेव्हा निम्म्या नळ्या पांढऱ्या थराने बुजल्या होत्या. आमच्या बोअरचं पाणी जड. चहाच्या पातेल्याला जो थर धरतो तोच इथे. तांब्या-पितळेतून उष्णता झपाट्याने जाते, या खडूसारख्या थरातून ती कितीतरी पटींनी सावकाश जाते. बोअरचं पाणी बंद केलं. नर्मदेचं पाणी बरं, पण क्षार त्यातही. कूलंटमध्ये मिसळायला क्षार नसलेलं पाणी हवं, म्हणून मी डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणायला निघालो.

नाना म्हणाले, "थांब."

आषाढातल्या पहिल्या दोन सरी धुऊन गेल्यानंतर, म्हणजे हवेतली धूळ खाली बसल्यावर, त्यांनी गच्चीवर स्टीलची पातेली मांडली. काकूची सगळी. सूर्याने उकळून, ढगाने गार करून दिलेलं पाणी, फुकट. मलमलीतून गाळून त्यांनी ते बाटल्यांत भरलं आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: 'हेरल्ड. पिऊ नये.'